पटावर नसलेली लेकरं

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. कॉलेजात शिकलो ती शेतीच्या प्रयोगांची आणि कारखान्यातल्या मालाच्या तपासणीची गणितं. माणसाच्या जनुकांकडे वळलो तो एका डॉक्टर मित्रामुळे. विदर्भातल्या सिकलसेल तपासणीच्या कागदांचे गठ्ठे त्याच्याकडे साठले होते. "एवढं मोजून दे," म्हणाला. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. नवं काम हाती आलं की अजूनही तो पहिला गठ्ठा आठवतो, कारण पुढे जे काही शिकलो त्याची सुरुवात तिथल्याच एका चुकीत आहे. म्हणून तिथूनच सांगतो.

१. जी माणसं कागदावर नसतात, तीच कधीकधी सगळ्यात जास्त सांगतात.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलानं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं कळवळतो. आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल आला तर माणूस वाहक, म्हणजे 'एएस'. दोघांकडूनही आला तर रुग्ण, 'एसएस'. गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत ही अक्षरं आता आशाताईंपासून आजीबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत.

अशा जोड्या लोकसंख्येत किती असाव्यात याचं सूत्र १९०८ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडलं. केंब्रिजचे गणिती हार्डी आणि स्टुटगार्टमध्ये डॉक्टरकी करणारे वाइनबर्ग. समजा, दर शंभर जनुकप्रतींत दहा 'एस' आहेत आणि लग्नं या जनुकाकडे न बघता होतात. मग हजार माणसांत ८१० निरोगी, १८० वाहक आणि १० रुग्ण निघायला हवेत. माझ्या गठ्ठ्यात आश्रमशाळांतल्या मुलांची तपासणी होती. वाहक भरपूर होते, पण त्या मानानं एसएस मुलं फारच थोडी. मी टिपण लिहिलं, की चाचणीत दोष दिसतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी 'एस' आहे एवढंच सांगते, वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही. तेव्हा हे दोन्ही वेगळे दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस पुन्हा करून घ्यावं.

पुढच्या फेरीला मी स्वतः गेलो. तिथल्या सिस्टरना मी माझी शंका सांगितली. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आजारी लेकरं शाळेत कुठून येतीन? ते तं घरीच असतात." मग त्यांनी मला एका टोल्यावर नेलं. खाटेवर एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि आई त्याच्या पोटऱ्यांवरून सावकाश हात फिरवत होती. सततच्या गैरहजेरीमुळे शाळेनं त्याचं नाव पटावरून कमी केलं होतं. त्याच्या थोरल्या भावाचं नाव तर पटावर आलंच नव्हतं. तो चौथ्या वर्षीच गेला होता.

सूत्र बरोबर होतं, चाचणीही बरोबर होती. माझी मोजणी शाळेत झाली होती आणि आजार घरी होता. त्या दिवसापासून कुठलाही तक्ता हातात आला की आकड्यांच्या आधी मी एक प्रश्न विचारतो: ही माणसं इथे आली कशी?

२. उलटी चूकही तितकीच सोपी आहे.

शाळेत आजार कमी दिसला तसा रुग्णालयात तो जास्त दिसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण उमगलं ते वहीच्या मागच्या पानावर घरं आखून पाहिलं तेव्हा. तुम्हीही आखून पाहा. आईबाप दोघंही वाहक असलेली आणि दोन-दोन मुलं असलेली १६ घरं घ्या. प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. मग सरासरीनं ९ घरांत एकही मूल आजारी नसेल, ६ घरांत एक असेल आणि एका घरात दोन्ही. एकूण ३२ मुलांत ८ आजारी, म्हणजे बरोबर पाव हिस्सा.

पण त्या ९ घरांना आपण वाहक आहोत याचा पत्ताच नसतो. ती रुग्णालयात येत नाहीत. येतात ती उरलेली ७ घरं. त्यांतली मुलं १४ आणि आजारी ८. म्हणजे ५७ टक्के! चारांत एकाचा आजार रुग्णालयाच्या दारात उभं राहून मोजला की निम्म्याहून जास्त मुलांना होताना दिसतो. वाइनबर्ग यांनी १९१२ सालीच हा धोका ओळखला होता. पुढे त्यावर एक साधी युक्ती निघाली. ज्या घरात एकच मूल आजारी आहे, ते मूल हिशेबातून वजा करायचं, कारण त्याच्यामुळेच ते घर आपल्याला सापडलं. अशी ६ मुलं. १४ वजा ६ म्हणजे ८, आजारी ८ वजा ६ म्हणजे २. आठांत दोन. पाव हिस्सा पुन्हा हाती येतो. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत तेच पान उघडं ठेवून बसलो होतो. तीन मुलांच्या घरांचं करून पाहिलं, चार मुलांच्या घरांचं केलं. दर वेळी पाव हिस्साच.

हा केवळ कागदावरचा प्रश्न नाही. बीआरसीए-१ या जनुकातल्या दोषामुळे स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका १९९४च्या सुमारास सत्तरीपर्यंत ८५ टक्क्यांच्या घरात सांगितला जात होता. तो आकडा ज्या घरांत अनेक बायकांना कर्करोग झाला होता, अशा घरांतून आलेला होता. घरचा इतिहास न पाहता निवडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवरून २००३ साली हिशेब झाला, तेव्हा तो ६५ टक्क्यांच्या आसपास आला. ६५ हाही मोठाच धोका आहे. पण याच आकड्यावर बायका शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. ८५ आणि ६५ यांतला फरक कुणाच्या तरी शरीरावर उमटतो.

३. 'चारांत एक' हे दोन शब्द आपण फार बेफिकिरीनं उच्चारतो.

एका समुपदेशनाला मी कोपऱ्यात बसलो होतो. पहिलं मूल एसएस, बाई दुसऱ्यांदा गरोदर. डॉक्टरांनी चारांत एक सांगितलं, तशी तिची सासू निःश्वास टाकून म्हणाली, "मग एक होऊन गेलं. आता तिघं चांगली." घरी परतताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या वेळी मी खिशात चिंचोके घेऊन गेलो, मधोमध फोडलेले. एक बाजू काळी, एक पांढरी. दोन अर्धुकं त्या गरोदर बाईच्या हातात दिली. एक तुझं, एक बाळाच्या बापाचं. पांढरं म्हणजे 'एस'. दोन्ही टाक.

पहिल्याच फेकीत दोन्ही पांढरी पडली. मी घाबरलो, वाटलं, हे दाखवायला नको होतं. पण तिनं आपणहून ती उचलली आणि पुन्हा टाकली. मग पुन्हा. एक काळं, एक पांढरं. दोन्ही काळी. पुन्हा दोन्ही पांढरी. बऱ्याच फेकींनंतर ती सासूला म्हणाली, "म्हणजे दर टायमाला पहिल्यापासूनच."

स्वतंत्र घटनांची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आणि जिथे घटना स्वतंत्र नसतात तिथे त्या स्वतंत्र धरल्या की काय होतं, हे इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क प्रकरणात जगानं पाहिलं. तिची दोन तान्ही बाळं एकामागोमाग दगावली. १९९९च्या खटल्यात एका तज्ज्ञानं एका बाळाच्या अशा आकस्मिक मृत्यूची शक्यता साडेआठ हजारांत एक धरली, तिचा वर्ग केला आणि सात कोटी तीस लाखांत एक असा आकडा न्यायालयापुढे ठेवला. पण दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. जनुकं सामाईक, हवा सामाईक. तिथे गुणाकार करताच येत नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली ती सुटली, पण तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून. त्या गुणाकाराचा मला आजही राग येतो.

४. ज्याची चाचणी होऊ शकते, त्याचं गणित करत बसू नये.

एका मुलीनं विचारलं, "माझा भाऊ एसएस आहे. मला काही त्रास नाही. मग मी वाहक असण्याची शक्यता निम्मी ना?" मी उत्साहानं कागद ओढला. चार शक्यता. त्यांतली एसएस गळाली, कारण तू निरोगी आहेस. उरल्या तीन, त्यांत दोन वाहकाच्या. म्हणजे निम्मी नाही, दोन तृतीयांश. तिनं ऐकून घेतलं. डॉक्टर मित्र शांतपणे म्हणाला, "तिचं रक्त घे ना." दोन दिवसांत उत्तर आलं. ती वाहक नव्हती. माझे दोन तृतीयांश तिच्या दोन रात्रींची झोप घेऊन गेले असणार.

वाहक असती तरी काय बिघडलं असतं? एएस आणि निरोगी यांच्या लग्नातून एसएस मूल होत नाही. प्रश्न दोन्हीकडे वाहक असतील तेव्हाच येतो. पण मी पाहिलंय, की मुलीचं कार्ड मागितलं जातं आणि मुलाचं विचारलंही जात नाही. अर्धीच माहिती घेऊन हे गणित होत नाही.

५. दुर्मीळ आजाराचं जनुक दुर्मीळ नसतं.

मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला. तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जातो. या माणसांच्या पेशींवर 'एच' हा पायाभूत घटकच नसतो. साध्या तपासणीत ती 'ओ' गटाची वाटतात, पण 'ओ'चं रक्त त्यांना चालत नाही. त्यांना त्यांच्याच गटाचं रक्त लागतं. आपल्याकडे हा गट ढोबळमानानं दहा हजारांत एकाचा मानतात. दहा हजारांत एक म्हणजे कुठेतरी दूरचं कुणीतरी, असं वाटतं. पण दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता दहा हजारांत एक असेल, तर एक प्रत सदोष असण्याची शक्यता तिचं वर्गमूळ, शंभरांत एक. आणि आपल्यापाशी दोन प्रती, म्हणून वाहक जवळजवळ पन्नासांत एक. एसटीच्या एका भरल्या गाडीत एक!

रक्तगटांच्या या शास्त्राचा पाया बराचसा संख्याशास्त्रानंच घातला आहे. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हांका हिर्सफेल्ड या दांपत्यानं सालोनिकाच्या आघाडीवर अनेक देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत हिंदी सैनिकही होते आणि त्यांच्यात 'बी' गट ठळकपणे जास्त निघाला. ए, बी, ओ हे गट दोन वेगळ्या जनुकांमुळे होतात असा तेव्हाचा समज होता. गणिती फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ साली अशाच आकड्यांवरून दाखवलं, की तसं असतं तर 'एबी' माणसं याहून बरीच जास्त असती. जनुक एकच आहे आणि त्याची रूपं तीन आहेत. जनुक कुणी पाहिलेलं नसताना, केवळ माणसं मोजून! या कामात मन थकतं तेव्हा मी ही गोष्ट आठवतो.

पण पन्नासांत एक या आकड्यालाही एक अट चिकटलेली आहे. लग्नं यदृच्छेनं होत असली पाहिजेत.

६. आपली लग्नं यदृच्छेनं होत नाहीत.

हे कुणाला नव्यानं सांगायला नको. जात, पोटजात, पंचक्रोशी आणि मामाच्या मुलीवरचा हक्क. सख्ख्या आतेभावा-मामेबहिणीचं लग्न असेल, तर मघाच्याच गणितानं मुलाला बॉम्बे गट असण्याची शक्यता सुमारे सातपट होते. म्हणजे जिथे अशी लग्नं पुष्कळ होतात, तिथे रुग्णांवरून काढलेला वाहकांचा आकडा फुगतो. सूत्र लावायच्या आधी सोयरिकी कशा जुळतात हे विचारावं लागतं.

मी स्वतः पोळलो तो मात्र दुसऱ्या बाजूनं. हृदयविकाराच्या एका अभ्यासात रुग्ण शहरातल्या रुग्णालयातून घेतले होते आणि निरोगी माणसं दुसऱ्या जिल्ह्यातल्या रक्तदान शिबिरातून. एका जनुकात दोन गटांमध्ये जबरदस्त फरक निघाला. पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक निघण्याची शक्यता, इतकी सुरेख लहान, की मी घरी फोन करून सांगितलं. माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी निकाल न बघता मूळ यादी मागितली आणि आडनावांवरून बोट फिरवत विचारलं, "ही मंडळी कुठली आणि ती कुठली?" समजा, मी नाचणीची भाकरी खाणारे आणि ज्वारीची भाकरी खाणारे यांची जनुकं ताडून पाहिली. एकीकडे कोकणातले लोक येतील, दुसरीकडे सोलापूर-मराठवाड्यातले. फरक निघणारच. म्हणून मी 'नाचणीचं जनुक' सापडलं असं जाहीर करू का? मी तेच करायला निघालो होतो. एकाच भागातली, एकाच समाजातली माणसं समोरासमोर ठेवल्यावर माझा फरक विरून गेला.

आणि हे मला माहीत नसायला काही कारण नव्हतं. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचं महाराष्ट्रातल्या शरीरमापनावरचं पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९५१ सालीच काढलेलं आहे. पुढे १९६८ साली कर्वे आणि मल्होत्रा यांनी एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना केली. एका नावाखाली मोडणारे गटही आतून किती वेगळे असतात हे त्यांनी मोजून दाखवलं. जनुकांची यंत्रं आली ती नंतर. २०१७ साली अडीचशेहून अधिक दक्षिण आशियाई गटांचा अभ्यास झाला. मूळच्या थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण ८१ गटांत फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली. त्यांतल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. गट मोठा आहे म्हणून तो जनुकांनीही मोठा असतो असं नाही. अशा प्रत्येक समाजात त्याचे त्याचे दुर्मीळ आजार दबा धरून आहेत, आणि ते शोधणं हे आपलंच काम आहे.

७. यंत्रालाही गाव असतं.

यावर थोडक्यात सांगतो. एका कामात रुग्णांचे नमुने एका प्लेटमध्ये आणि निरोगी माणसांचे दुसऱ्या प्लेटमध्ये भरले गेले. ९६ खळग्यांच्या त्या प्लेटा वेगळ्या दिवशी, वेगळ्या रसायनाच्या बाटलीनं चालल्या. जो फरक निघाला तो आजाराचा की मंगळवार-गुरुवारचा, हे सांगायचा कुठलाही मार्ग उरला नाही. वर्षभराचं काम सोडून द्यावं लागलं. शंभरी गाठलेल्या माणसांच्या जनुकांवरचा २०१० सालचा एक गाजलेला निबंध अशाच कारणानं २०११ मध्ये मागे घेतला गेला. तेव्हापासून नमुने भरायच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत जातो आणि चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतो.

८. पहिला आकडा मोठा असतो, कारण लहान असता तर तो आपल्या नजरेस पडलाच नसता.

जनुकसंचातल्या लाखो जागा एकदम तपासायच्या, तर नेहमीची 'वीसांत एक' ही कसोटी चालत नाही. दहा लाख स्वतंत्र जागा धरल्या, तर निव्वळ योगायोगानं पन्नास हजार जागा चमकतील. म्हणून या क्षेत्रानं कसोटी थेट दोन कोटींत एक इतकी कडक केली. २००७ साली ब्रिटनमध्ये सात आजारांचे १४,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी माणसं घेऊन एक मोठा अभ्यास झाला, तेव्हापासून ही शिस्त रुळत गेली. त्याआधी आम्ही काय करत होतो? एखादं जनुक 'शहाणपणानं' निवडायचं आणि शंभर-दीडशे माणसांत तपासायचं. नैराश्याशी जोडलेली अशी १८ जनुकं वर्षानुवर्षं निबंधांत फिरत होती. २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीत ती पडताळली गेली. कशीही निवडलेली इतर जनुकं आणि ही, यांत काही फरक निघाला नाही.

माझाही असा एक जुना निबंध आहे. त्यात धोका तिप्पट निघाला होता. नमुना लहान असला की कसोटीची दोरी इतकी उंच होते, की नशिबाचा धक्का मिळालेलाच ती ओलांडतो. मग आपण ती उडीच त्याचं बळ समजतो. पुढे मोठ्या नमुन्यात मी तोच प्रयोग केला आणि धोका नाहीसाच झाला. हा दुसरा निबंध छापायला कुणी उत्सुक नव्हतं. पहिल्याचा उल्लेख अजूनही होतो, आणि दर वेळी मी लेखकांना पत्र लिहून दुसरा पाठवतो.

९. 'आनुवंशिकता ८० टक्के' या वाक्याचा अर्थ मलाही खूप उशिरा कळला.

उंचीबद्दल हा आकडा सांगतात. त्याचा अर्थ असा नाही, की तुमच्या १६० सेंटीमीटरांतले १२८ आईबापांनी दिले आणि ३२ दुधातुपानं. माणसामाणसांतल्या *फरकाचा* तो हिस्सा आहे, आणि तोही एका समाजात, एका काळात. सगळ्या मुलांना सारखं पोटभर मिळालं तर उरलेला फरक बहुतेक जनुकांचाच असेल आणि आकडा वाढेल. निम्मी मुलं उपाशी असतील तर तो घटेल. म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा त्या समाजाच्या ताटाबद्दलही बोलत असतो. खुद्द जनुकांचा हिशेबही साधा नाही. २०२२ साली ५४ लाख माणसांच्या अभ्यासातून उंचीशी निगडित अशा १२,१११ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा कणभर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. ही बाळं युरोपीय बाळांपेक्षा वजनानं बरीच लहान, पण त्या मानानं अंगात चरबी टिकवून असलेली. मधुमेहाची मुळं गर्भातल्या पोषणातही असू शकतात, या विचाराला या कामानं बळ दिलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं ते सगळं जनुकांतूनच येतं असं नाही. स्वयंपाकघरही चालत येतं, सुनेनं शेवटी जेवायचं हेही चालत येतं.

आणखी एक गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. आमच्या शास्त्राची हत्यारं ज्यांनी घडवली, त्यांतल्या काहींनी ती माणसांत उच्च-नीच ठरवायला वापरली. गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ मुलांच्या उंचीवरून, फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात हे दाखवलं. ते आजही पहिल्या वर्गात शिकवतो. 'युजेनिक्स' हा शब्दही त्यांचाच, १८८३ सालचा. आणि तरुण इरावतीबाई १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ज्या ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या, त्यांना कवटीच्या डाव्या-उजव्या विषमतेत वंशश्रेष्ठत्वाची खूण सापडायला हवी होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध निघाला नाही. त्यांनी तसंच लिहिलं, गुरूंच्या संस्थेत बसून. मोजणाऱ्या माणसाकडून याहून जास्त काय मागायचं?

१०. उसना आकडा आपल्या अंगाला बसत नाही.

हजारो जनुकांचे कण जोडून 'तुमचा धोका इतका' असं सांगणारे गुण आता विकत मिळतात. पण हे ज्या अभ्यासांवर उभे आहेत, त्यांतली २०१९ सालापर्यंतची पाऊण हिश्शाहून जास्त माणसं युरोपीय वंशाची होती. आपल्याकडे त्या गुणांची धार बोथट होते. उलट आपल्याकडचं ठळक काही त्यांत दिसतही नाही. हृदयाच्या स्नायूशी निगडित एका जनुकात २५ अक्षरं गळालेली असतात. हा बदल आपल्या उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, हे २००९ साली कळलं. युरोपीय लोकांत कितीही शोधला तरी तो मिळाला नसता. 'जीनोम इंडिया'नं दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जनुकसंच वाचले ही मोठी गोष्ट आहे. पण पुन्हा तोच प्रश्न मला तिथेही पडतो: हे दहा हजार आले कुठून, आणि कोण राहून गेलं?

११. शेवटी तक्ता भरतो तो घरातला माणूस.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. आशाताई दारात येतील, शाळेत शिबिरं लागतील. माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. मुलाचं कार्ड आणि मुलीचं कार्ड, दोन्ही लग्नाआधी एकाच टेबलावर ठेवा. आणि नावं लिहून घ्यायला कुणी आलं, तर अंगणात खेळणाऱ्या मुलांबरोबर आत खाटेवर निजलेल्या लेकराचंही नाव सांगा. गेलं असेल, तर त्याचंही सांगा.